चार तारांची भैरवी

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन ठिकाणांबद्दल बजावलं होतं. एक देवघर आणि दुसरं कपाटावरचं लांबडं काळं खोकं. देवांना पारोशी शिवलीस तर मी रागावेन, म्हणाल्या, पण त्या खोक्याला शिवलीस तर मी मधे पडणार नाही, तुमचं तुम्ही बघा. खोक्यात ह्यांची गिटार होती. पुढे सासूबाई गेल्या, देवघरात माझंच राज्य आलं, पण खोक्याचा नियम तसाच राहिला. मी त्याच्यावरची धूळ पुसायची, तीही वरवर.

गिटार म्हटलं की हल्लीच्या मुलांच्या डोळ्यांसमोर गळ्यात पट्टा अडकवून उभा राहिलेला पोरगा येतो. आमची तशी नव्हे. आमची मांडीवर आडवी झोपते. तारा लाकडापासून चांगल्या वर उचललेल्या असतात, डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत दांडा धरून तो तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांना नख्या लावून तार छेडायची. बोटं कुठे दाबायची नाहीत, त्यामुळे एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधला सगळा रस्ता ऐकू येतो. हवाईयन गिटार म्हणतात तिला. आमच्या तरुणपणी एकही ऑर्केस्ट्रा तिच्यावाचून पुरा होत नसे. आता ऑर्केस्ट्रेही गेले आणि ती वाजवणारेही. रत्नागिरीत ह्यांच्याशिवाय आणखी कोणी असेल तर मला तरी ठाऊक नाही.

हे बँकेत होते. मुंबईत नोकरीला असताना एका गृहस्थांकडे शिकले आणि बदली होऊन घरी आले ते हे खोकं घेऊनच. माणूस तसा शांत, पण गिटारीच्या बाबतीत शिस्त अशी की विचारू नये. तारा कशा लावायच्या ते ठरलेलं: खालून वर सा, ग, प, पुन्हा सा, ग, प. नुसत्या सहा तारांवरून अंगठा फिरवला तरी गोड, भरलेला आवाज यायचा. मला तो फार आवडे. पण हे कधी तसं वाजवत नसत. तीन बोटांना तीन नख्या लावून एकेक तार नेमकी छेडायची, गळ्यातून गाणं यावं तशी. सगळ्या तारा एकदम वाजवल्या तर छान वाटतं, असं मी एकदा बोलून गेले. त्यावर, पानात वाढलेलं सगळं एकत्र कालवून खाल्लंस तरी पोट भरतंच की, असं उत्तर मिळालं. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

आमच्या आळीत दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंतीला संध्याकाळी पाळणा म्हणतात, मग भजन, आणि शेवटी सुंठवडा वाटायच्या आधी भैरवी. ही भैरवी वर्षानुवर्षं ह्यांची गिटार वाजवत आली. साथीला पेटीवर शेजारचे भावोजी. त्यांना सगळी आळी पेटीवाले म्हणते, माझ्याही तोंडात भावोजींच्या आधी पेटीवालेच येतं. ते उत्तम गातात. पेटीच्या काळी चार पट्टीतला खणखणीत आवाज, मांडवीच्या बंदरावर उभं राहून हाक मारली तर होडीतल्या माणसाने वळून बघावं असा. पण भैरवीत ते गात नसत, कारण भैरवी गिटारीची. आणि पेटीसुद्धा त्यांनी काळी चारात नव्हे, शेजारच्या, एक पायरी वरच्या पांढरी सहात धरायची, कारण गिटारीच्या तारा पांढरी सहाच्या. पेटीचं काय, कुठल्याही पट्टीपासून सुरू होते, असं ह्यांचं म्हणणं. भावोजींनी कधी हूं का चूं केलं नाही. ह्यांच्या मागून एक पाऊल ठेवून ते निमूट चालायचे आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे ह्यांच्याभोवती जमले की पेटीचा भाता बंद करून सुंठवड्याच्या रांगेत उभे राहायचे.

मागच्या वर्षी श्रावणात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून थोडक्यात निभावलं. वाचा शाबूत राहिली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी झाली. एक हलवावं तर चारही हलायची. अंगठा तेवढा थोडा स्वतंत्र राहिला. डाव्या हाताला काहीच झालं नव्हतं.

दवाखान्यातून दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो दोन दिवस दिसला, मग मला तो पलंगाखाली सापडला. पुन्हा हातात दिला, पुन्हा पलंगाखाली. सकाळची पेज घ्यायची, पेपर उघडायचा, तो न वाचता मिटायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. मांडवीवरचं संध्याकाळचं फिरणं बंद. देऊळ बंद. भावोजी रोज यायचे, तर त्यांच्या चपलांचा आवाज आला की ह्यांना झोप लागायची. भावोजी थोडा वेळ खुर्चीवर बसून माझ्याशी पावसापाण्याबद्दल बोलायचे आणि निघायचे. जाताना दारात विचारायचे, "वहिनी, खोकं उघडलंन का त्यानं?" मी मान हलवायची.

मला हाताची भीती नव्हती. हात गेला तर मी आहे, भरवीन, शर्टाची बटणं लावीन. मला भीती वाटत होती ती त्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाची. माणूस असा एकदा आत गेला की हळूहळू बाहेर यायचं विसरतो. माझ्या वडिलांचं मी ते बघितलं होतं. दत्तजयंतीला हे देवळात गेले नाहीत, तर पुढे कुठेच जाणार नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं होतं. आणि एकदा माझ्या मनाने काही घेतलं की मीही काही कमी नाही.

मुलगी अमेरिकेत लुइझियाना नावाच्या भागात असते. ती गेली तेव्हा आम्हाला वाटलं होतं बर्फात गेली. तिथे तर आपल्यासारखाच घाम, खाडी, भातशेती, आणि घरोघरी भाताबरोबर कोळंबी. तिच्या गावाजवळ शनिवारी सकाळी एका खानावळीत नाच असतो. त्या भागात केजन म्हणून लोक आहेत, जुनी फ्रेंच बोलणारे, त्यांचं वाजवणं असतं आणि म्हातारीकोतारीसुद्धा जोडीने नाचतात. तिने तिथला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं की बाबांना दाखव, ओळखीचं कोणीतरी दिसेल.

मी मोबाईल ह्यांच्या नाकासमोर धरला. बघायचं नाही म्हणून डोळे मिटले होते, पण कान काही मिटता येत नाहीत. आधी भात्याचा आवाज आला. त्यांच्याकडे हातात धरायची एक लहानशी पेटी असते, अकॉर्डियनचं धाकटं भावंड, तिला मोजकी बटणं. मग फिडल, म्हणजे व्हायोलिनच. कोणीतरी लोखंडी सळईचा त्रिकोण वाजवत होतं, आपल्या झांजेच्या चालीवर. आणि मग त्या सगळ्याच्या खालून एक लांब, रडवेला सूर वर चढत आला. ह्यांनी डोळे उघडले.

कोपऱ्यात टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या मांडीवर गिटार आडवी झोपली होती.

"आडवी धरलीय," हे म्हणाले. कित्येक दिवसांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मग लगेच नावं ठेवायला सुरुवात. हा वाजवतो आहे का अंगण झाडतो आहे? सगळ्या तारा एकदम? एक सूर नीट सुटा काढत नाही. गाण्याची चाल तरी वाजवावी, तर तीही नाही, गाणारा थांबला की तेवढ्यापुरता मधे येतो आणि पुन्हा गप्प. मी ऐकून घेत होते. नावं ठेवतात म्हणजे ऐकतात, आणि ऐकतात म्हणजे भिंतीकडे बघत नाहीत, एवढं मला पुरेसं होतं. शेवटी मी फक्त विचारलं, तो बोटं वापरतच नाही का हो, नुसता अंगठा दिसतोय.

ह्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. दुसऱ्या दिवशी पेज झाल्यावर म्हणाले, "ते खोकं काढ."

मी स्टुलावर चढून खोकं उतरवलं. आत गिटार होती तशीच होती, फक्त समुद्राच्या हवेने चाव्या गंजून घट्ट बसल्या होत्या. हे डाव्या हाताने चावी पिळायला गेले की गिटार मांडीवरून घसरायची, कारण उजवा हात तिला धरून ठेवेना. म्हणजे चाव्या मीच फिरवायच्या. इतकी वर्षं जिच्या खोक्याला हात लावायची मुभा नव्हती, तिच्या चाव्या. मी शिलाई मशीनचं तेल आणलं, प्रत्येक चावीत थेंब सोडला आणि पक्कड घेऊन ह्यांच्या डाव्या बाजूला बसले.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं. हे अंगठ्याने तार छेडणार आणि मला हुकूम सोडणार. चढव. अजून. थांब. गेली पुढे, उतरव. अगं उतरव म्हटलं, चढवतेस काय. मीही गप्प बसणाऱ्यांतली नाही. एकदा स्पष्ट सांगितलं की चुलीवरचं दूध आणि तुमची तार, दोन्हीकडे एकदम लक्ष द्यायला मला चार डोळे नाहीत. पण एक गंमत झाली. एका सकाळी ग लावताना हे म्हणाले, आली. मी म्हटलं, नाही आली, किंचित खाली आहे. ह्यांनी पुन्हा छेडून ऐकलं. मग म्हणाले, चढव. त्यांच्या तोंडून शाबासकी म्हणून एवढंच यायचं, मी ती ठेवून घेतली.

हळूहळू त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याची रीत ह्यांच्या अंगवळणी पडू लागली. दांडा सरळ आडवा ठेवायचा आणि अंगठा सहाही तारांवरून ओढायचा. जो आवाज ऐकायला मी उभा जन्म थांबले होते तो घरात घुमू लागला. भावोजींना निरोप धाडायची गरज पडली नाही. ते कुंपणापलीकडून ऐकत होतेच. दिवेलागणीला पेटी घेऊन हजर झाले. चपलांचा आवाज आला आणि ह्यांना झोप लागली नाही.

पहिला अभंग झकास जमला. मग भावोजींनी भैरवी धरली. आता गिटार चाल वाजवू शकणार नव्हती, म्हणून चाल गळ्यातून यायची हे न बोलताच ठरलं होतं. त्यांनी डोळे मिटून पहिली ओळ म्हटली आणि ओळीच्या शेवटी ह्यांनी ऐटीत अंगठा ओढला.

असं कानाला चावलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. भैरवीतला ग कोमल, खाली वाकलेला. तारांमधला ग शुद्ध, ताठ उभा, आणि तोही दोन तारांवर. एकेक तार सुटी वाजवायचे तेव्हा हे त्या तारांवरसुद्धा दांडा सरकवून कोमल ग अलगद काढायचे. आता अंगठा ओढला की ते दोन्ही ताठ गंधार न बोलावता बाहेर येत. सोलकढीत कोणी साखरेचा पाक ओतावा तसं झालं. दोनदा, तीनदा करून बघितलं. भावोजींनी पेटी थांबवली आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "भैरवी नाही रे होत ही."

ह्यांनी दांडा खाली ठेवला. म्हाताऱ्या माणसाने नवे खेळ शिकू नयेत, म्हणाले, आणि मला खोकं मिटायला सांगितलं. भावोजी गेले. दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा भिंतीकडे.

मी मात्र तो व्हिडिओ सोडला नाही. नारळ खवताना, तांदूळ निवडताना तो लावून ठेवायची. मुलीकडून आणखी दोन मागवले. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून का होईना, रियाझ ऐकला आहे. एका संथ, तीन ठेक्यांच्या रडव्या गाण्यात मला जाणवलं की गाणारा नाकातून जो ग लावतो तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. आणि तो गात असताना टोपीवाला त्या जागी जातच नाही. एक तार खालून वर ओढत आणतो, शेजारची नुसती वाजती ठेवतो, आणि दोन्हींमध्ये ग नसतो. आनंदाच्या, उड्या मारायच्या गाण्यात मात्र सगळ्या तारा झाडतो. म्हणजे त्यालाही आमच्यासारखीच अडचण होती आणि तो बापडा नको ती तार चुकवून जात होता. ह्यांच्या अंगठ्याला चुकवणं जमणार नव्हतं, एवढाच फरक.

दुपारी मी हे सगळं ह्यांना सांगायला गेले. ह्यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच ऐकलं आणि म्हणाले, गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, इथे गाढवच गीता सांगायला लागलं.

माझा संताप झाला. आजारी माणूस, आजारी माणूस म्हणून इतके महिने मी जीभ आवरली होती. मी खोकं काढलं, पक्कड आणली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गंधाराच्या एका तारेची चावी सैल करायला लागले. काय करतेस, म्हणून ते उठून बसले. कोणाचा आधार न घेता उठून बसले, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. तोवर एक तार माझ्या हातात गुंडाळलेली होती आणि दुसरी निघत होती.

"नको तो पदार्थ पानातून काढला," मी म्हटलं. "आता खुशाल कालवा."

मला वाटलं आता ओरडतील. सासूबाई मधे पडायला नव्हत्याच. पण त्यांनी गिटार मांडीवर ओढून घेतली. सा, प, सा, प. मधे मोकळ्या जागा. अंगठा ओढला, तर तंबोऱ्यासारखा आवाज निघाला, भरदार आणि कोणाशी भांडण नसलेला. आणि त्या मोकळ्या जागांमुळे आणखी एक झालं, जे माझ्या डोक्यातही नव्हतं. तारा लांब लांब आल्यामुळे त्यांच्या अंगठ्याला एकटी वरची तार सापडू लागली. तिच्यावर डाव्या हाताने दांडा सरकवत त्यांनी कोमल गंधार काढला, खालून वर, हळूच, अगदी पूर्वीसारखा. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले.

एवढं झालं तरी सुंभ जळला म्हणून पीळ जातो थोडाच. आता पट्टीवर अडलं. भावोजी स्वतः गाणार म्हणजे काळी चार. गिटार पांढरी सहात. शेजारशेजारच्या पट्ट्या, अंतर म्हणाल तर एका दोऱ्याचं. पण मोकळ्या तारा वाजत्या ठेवायच्या तर त्या काळी चारातच हव्यात. ह्यांचं म्हणणं, त्याने वर यावं, आजवर यायचाच की. भावोजी बिचारे दोन संध्याकाळी वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. वय त्यांचंही झालं आहे. तरी ते म्हणाले, होईल सवय, मीठपाण्याच्या गुळण्या करीन.

ते गेल्यावर मी ह्यांना मुलीने सांगितलेली एक गोष्ट ऐकवली. तिथल्या त्या धाकट्या पेटीला आपल्यासारखे सगळे सूर नसतात. ती ज्या एका पट्टीची बनवलेली असते, तिच्यातच वाजायची. म्हणून फिडलवाले आपल्या तारा सैल करून तिच्यापर्यंत उतरतात, गिटारवालाही तिच्याशी जमवून घेतो, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. ती पेटी बिचारी वर येऊच शकत नाही, तर रुसणार कोणावर. भावोजींची पेटी वर येऊ शकते, हे ह्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. येऊ शकत नव्हता तो भावोजींचा गळा.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तारा लावायला बसलो. मी पक्कड हातात घेऊन वाट बघत होते. ह्यांनी खालचा सा छेडला, ऐकला, दुसऱ्यांदा छेडला.

"उतरव," म्हणाले.

मी थोडी सैल केली. अजून, म्हणाले. मी अजून केली. काळी चारात तार येऊन बसली तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पुढची छेडली. चारही तारा तशा उतरवल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. काही वेळा न बघणं बरं असतं.

देवळात ह्यांना बघून लोक जागचे उठले. भावोजींनी त्यांच्यासाठी भिंतीला टेकायला लोड ठेवला होता. पाळणा झाला, अभंग झाले आणि भैरवी आली. भावोजींनी आपल्या काळी चारात सूर लावला आणि आमच्या देवळात पहिल्यांदाच भैरवीला शब्द आले. ओळ चालू असताना गिटार नुसती गुंजत राहायची, ओळ संपली की एक सूर खालून उचलून भावोजींच्या हातात द्यायची. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. गिटार आता सुरू होईल, मग सुरू होईल, असं त्यांना वाटत असावं. ती सुरूच होती.

शेवटच्या कडव्यात भावोजींनी वरचा सा लावला आणि तो लांबवताना त्यांचा दम सुटला. आवाज एकदम कुठे नाहीसाच झाला. पेटीवरची बोटं थबकली. तेवढ्यात तोच सा गिटारीवरून आला. मधे फट पडली नाही. दांडा तिथे आधीच जाऊन थांबलेला होता. ह्यांनी तो सूर हलकेच थरथरत धरून ठेवला, भावोजींनी श्वास घेतला, डोळे उघडून ह्यांच्याकडे बघितलं आणि सूर परत हातात घेतला. लोकांनी ते मुद्दाम बसवलेलं समजून माना डोलावल्या.

सुंठवड्याच्या वेळी या खेपेला भावोजी रांगेत गेले नाहीत. पेटी बंद करून ह्यांच्या शेजारी बसून राहिले. मी द्रोण घेऊन गेले तेव्हा ते विचारत होते, "माझा दम जाणार, हे कळलं कसं रे तुला?"

"तुझा श्वास ऐकू येत होता," हे म्हणाले. "इतकी वर्षं शेजारी बसलास, कधी ऐकलाच नव्हता."

भावोजींनी उपरण्याने डोळे पुसले आणि सुंठवड्यात सुंठ जास्त पडली आहे असं मला सांगितलं.

घर तसं जवळ, पण आम्ही सावकाश निघालो. ह्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्या खांद्याला ते काळं खोकं. वाटेत चिरे रचून ठेवले होते तिथे मी त्यांना जपून पाऊल टाकायला सांगितलं. ते थांबले.

"बायकांच्या बाजूने कोणीतरी भैरवी म्हणत होतं," म्हणाले. "अगदी खालच्या आवाजात. सुरात होतं."

मी म्हणते. लग्न झाल्या वर्षापासून म्हणते आहे. गिटार सुरू झाली की खांबामागे बसून तोंडातल्या तोंडात म्हणायची, कोणाला ऐकू जाऊ नये अशी.

"मीच ती," मी म्हटलं. "दर वर्षी म्हणते."

ते काठीवर रेलले. मला वाटलं दमले असतील, म्हणून मी त्यांचा हात घट्ट धरला. तो उजवा हात होता. त्याची चारही बोटं एकदम मिटली आणि माझ्या हाताभोवती तशीच राहिली.

"उद्या सकाळी तारा लावताना," ते म्हणाले, "जरा मोठ्याने म्हण."